रिपोर्ट पास, टिप नापास: तांब्यातलं क्रोमियम नेमकं कुठं बसलंय?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेडमधली पोरं स्पॉट वेल्डिंगच्या टिपा, म्हणजे पत्र्याला दाबून करंट देणारी क्रोमियम घातलेल्या तांब्याची टोकं, बदलून बदलून पार वैतागली होती. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं काम आहे, पत्र्याचे बॉक्स, पॅनेल, ब्रॅकेट असलं काहीबाही, त्यामुळं स्पॉट वेल्डिंगचं मशीन दिवसभर टकटक चालू असतं. आधी एक टिप मधनंमधनं कटर मारत आठवडाभर तरी जायची, पण हा नवा लॉट आला आणि सकाळी लावलेल्या टिपेचं टोक दुपारच्या जेवणापर्यंत पसरून कुत्र्याच्या छत्रीसारखं व्हायला लागलं. टोक पसरलं की करंट जास्त जागेत वाटला जातो आणि टाका कच्चा बसतो, मग पोरगं करंट वाढवतं, त्यानं टोक आणखी तापतं आणि आणखी पसरतं, असं ते चक्र.

सप्लायरला फोन केला तर त्यानं लगेच टेस्ट रिपोर्ट धाडला, क्रोमियम ०.८ टक्के, बाकी तांबं, सगळं बसतंय. म्हणलं रिपोर्टचं काय, कुठलाही चिकटवता येतो, म्हणून आम्ही ओळखीच्या लॅबमध्ये परत स्पेक्ट्रो (कुठला धातू किती टक्के ते सांगणारी तपासणी) मारून घेतला तर तिथंही तोच आकडा. म्हणजे माल खोटा नव्हता! आमच्याकडं एक जुने मिस्त्री आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, आयुष्य ओतकामात गेलंय, त्यांनी टिप व्हाइसमध्ये धरून कानशीचे दोन हात मारले आणि म्हणाले, "मालक, माल खरा हाय, पण कच्चा हाय. भाजलाच न्हाई."

मला तेव्हा वाटलं ही अण्णांची नेहमीची बोलायची पद्धत. नंतर जसजसं खोलात गेलो तसं कळलं की त्यांनी एका वाक्यात सगळं मेटलर्जी सांगून टाकलं होतं. तेच इथं सावकाश सांगतो, कारण कोल्हापुरात घरटी एक माणूस फाउंड्रीशी कुठंतरी जोडलेला असतो पण आपलं सगळं डोकं बीडावर, म्हणजे ओतीव लोखंडावर चालतं, तांब्याचं गणित वेगळंच आहे.

आधी टिपेला काय सोसावं लागतं ते बघा. १ मिलिमीटरच्या दोन पत्र्यांना एक टाका मारायचा तर साधारण ९ ते १० हजार अँपिअर करंट लागतो, तोही सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यापुरता, आणि वरून २०० ते २२५ किलोचा दाब. म्हणजे टिपेतून करंट विनातक्रार गेला पाहिजे नाहीतर पत्र्याआधी टिपच वितळायला लागेल, आणि त्याच वेळी तापलेल्या अवस्थेत दाब पण सोसला पाहिजे. कंडक्टिव्हिटी पण हवी आणि ताकद पण हवी. आणि तांब्याच्या बाबतीत या दोन मागण्या म्हणजे सासू-सुनेचं भांडण आहे, एकीला खुश केलं की दुसरी रुसते.

कंडक्टिव्हिटी मोजायची पट्टी १९१३ साली ठरली. तिला आयएसीएस म्हणतात. मऊ केलेल्या चांगल्या तांब्याची १ मीटर लांब आणि १ चौरस मिलिमीटर जाडीची तार २० डिग्रीला ०.०१७२४ ओहम रेझिस्टन्स देते, त्याला १०० टक्के धरलं, आणि बाकी सगळ्यांना त्याच्या तुलनेत मार्क. आज तांबं त्या काळापेक्षा शुद्ध मिळतं म्हणून ते १०१ टक्के पण येतं, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं मीटर बिघडलाय. या पट्टीवर वायरिंगचं ॲल्युमिनियम ६१ ला, ७०-३० चं पितळ २८ च्या आसपास, पंपाच्या बुशांचं गनमेटल १५, आणि ३० टक्के निकेल घातलेलं क्युप्रोनिकेल तर ५ च्या पण खाली. गंमत बघा, क्युप्रोनिकेलमध्ये ७० टक्के तांबंच आहे, निकेल पण काही वाईट कंडक्टर नाही, मग दोघं एकत्र आल्यावर असं काय होतं?

महाद्वार रोडला दिवाळीच्या खरेदीला गेलाय ना? गर्दी म्हणजे इलेक्ट्रॉन समजा. रस्ता मोकळा असेल तर एवढी गर्दी पण वाहत राहते. आता त्याच रस्त्यात दर दहा फुटांवर एकेक हातगाडी उभी करा. गाडी लहानच असते, रस्त्यातली जागा तशी फार खात नाही, पण प्रत्येक गाडीपाशी माणसं वळसा घेतात, धडकतात, मागचे थांबतात, आणि बघता बघता सगळा रस्ता तुंबतो. तांब्याच्या अणूंच्या ओळीत परका अणू विरघळून बसला की तो अशी एक हातगाडी होतो. आणि महत्त्वाचं म्हणजे गाड्या किती आहेत यापेक्षा त्या विखरून उभ्या आहेत का, यानं जास्त फरक पडतो. त्याच सगळ्या गाड्या नेऊन बिंदू चौकाच्या पार्किंगमध्ये एका कोपऱ्यात लावा, गाड्या तेवढ्याच, पण रस्ता मोकळा. हे डोक्यात ठेवा, पुढं सगळं यावरच उभं आहे.

सगळे परके सारखे त्रास देत नाहीत. हुपरीची चांदी थोडी टाकली तर तांब्याला जवळजवळ कळत पण नाही. जस्त थोडं थोडं त्रास देतं म्हणून ३० टक्के घालून पण पितळ २८ ला तरी राहतं. आणि फॉस्फरस म्हणजे एक नंबरचा दुष्मन, ०.०४ टक्के राहिला तरी शंभरातले वीसेक टक्के खाऊन टाकतो. लोखंडाचं पण तसंच, म्हणून ज्या मुशीत काल बीड वितळवलं तिच्यातच आज कंडक्टिव्हिटीचं तांबं वितळवणारा माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो.

आता ताकद. शुद्ध तांबं मऊ का असतं? मंडळाच्या मांडवात भलं मोठं जाजम अंथरलंय आणि ते हातभर सरकवायचंय. सगळं एकदम ओढायला गेलात तर दहा माणसं लागतील, पण एका टोकाला घडी उचलून ती घडी तेवढी लाटेसारखी पुढं ढकलत नेली तर एकटा माणूस जाजम सरकवतो. धातू वाकतो तेव्हा आत हेच होतं, अणूंच्या थरांमध्ये अशा घड्या असतात, त्यांना डिस्लोकेशन म्हणतात, त्या सरकल्या की धातूचा आकार बदलतो. तांब्यात या घड्या लोण्यासारख्या सरकतात. ताकद वाढवायची म्हणजे काय तर घडीच्या वाटेत अडथळे टाकायचे, बाकी काही नाही.

अडथळे टाकायचा सगळ्यात जुना मार्ग तांबटांना ठाऊक होता. तांब्याचा हंडा ठोकून ठोकून घट्ट होतो कारण ठोकल्यावर घड्याच इतक्या तयार होतात की त्या एकमेकींत अडकतात. याची कंडक्टिव्हिटीला झळ फारशी बसत नाही, ओढून कडक केलेली तांब्याची तार ९७ टक्क्यांच्या आसपास राहते आणि ताकद मात्र २२० मेगापास्कलवरून (ताकद मोजायचं एकक) ३५० ते ४०० पर्यंत जाते. रेल्वेच्या डोक्यावरची १०७ चौरस मिलिमीटरची काँटॅक्ट वायर अशीच ओढून कडक केलेली असते. मग टिपेला हेच का नको? कारण तापवलं की सगळं मुसळ केरात. हंडा फार कडक झाला की तांबट तो भट्टीत लाल करून परत मऊ करून घेतो, आपल्याला माहितीच आहे. शुद्ध तांबं २०० डिग्रीच्या आसपासच ढिलं पडायला लागतं आणि टिपेचं टोक त्याच्या कितीतरी पुढं जातं.

दुसरा मार्ग म्हणजे तांब्यात दुसरं काहीतरी विरघळवायचं, कथिल घाला, जस्त घाला. यानं ताकद येते, ओतायला सोपं जातं, पण हातगाड्या रस्त्यात येतात. टाऊन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला तो छोटासा रोमन पोसायडन बघितलाय का? ब्राँझचा आहे. ज्यानं कुणी तो ओतला त्याला कंडक्टिव्हिटीशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला पातळ वाहणारा, कमी तापमानाला वितळणारा आणि थंड झाल्यावर घट्ट राहणारा धातू पाहिजे होता, आणि तिथं ब्राँझसारखं दुसरं काही नाही. आपल्याला मात्र करंट पण पाहिजे.

तिसरा मार्ग म्हणजे एजिंग, आणि इथं सासू-सून दोघी एकदम खुश होतात. कशा, ते समजायला गुऱ्हाळावर जाऊ.

काहिलीत रस उकळतो तेव्हा त्यात साखर भरपूर विरघळलेली असते. वाफ्यात ओतलं, थंड व्हायला लागलं, की तेवढी साखर आता त्याच्यात मावत नाही, मग ती कण कण होऊन बाहेर पडते. गुळव्याची सगळी कला त्या वेळेत आहे, कधी उतरवायचं, किती घोटायचं. घोटून नीट गार केलं तर बारीक रवाळ गूळ होतो. आणि काकवी बरणीत महिनोन् महिने तशीच ठेवली तर तळाला खड्यांसारखे मोठे मोठे स्फटिक बसतात. साखर तीच पण कणाचा आकार वेगळा, कारण थंड व्हायचा वेग आणि वेळ वेगळा.

क्रोमियमचं तांब्यात असंच आहे. तांबं वितळतं १०८५ डिग्रीला. त्याच्या जरा खाली, १०७६ डिग्रीला, घन तांब्यात जेमतेम ०.७ टक्के क्रोमियम मावतं. ५०० डिग्रीला ते ०.०५ च्या पण खाली येतं आणि खोलीच्या तापमानाला तर जवळजवळ शून्यच. म्हणजे तांबं क्रोमियमला तापलेलं असताना घरात घेतं आणि थंड झाल्यावर बाहेर काढतं, फक्त ते बाहेर कसं पडतं, कुठं पडतं, किती बारीक पडतं हे आपल्या हातात आहे.

मग करायचं काय तर कास्टिंग ९८० ते १००० डिग्रीला तासभर ठेवायचं म्हणजे क्रोमियम विरघळतं, याला सोल्युशन ट्रीटमेंट म्हणतात. आणि तिथनं थेट पाण्यात. इतकं झटकन गार झालं की क्रोमियमला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, ते एकेकटं जिथं आहे तिथं अडकतं. आता या अवस्थेत तांबं सगळ्यात वाईट असतं! हातगाड्या सगळ्या रस्त्यात विखुरलेल्या म्हणून कंडक्टिव्हिटी ४० ते ४५ टक्क्यांवर आलेली, आणि एकेकट्या अणूंमुळं ताकद पण काही फार वाढत नाही, कानस लोण्यासारखी चालते. दोन्हीकडनं मार.

यानंतर परत भट्टीत, पण आता फक्त ४५० ते ४८० डिग्रीला, तीन-चार तास, हेच ते एजिंग. एवढ्या उष्णतेत क्रोमियमचे अणू हळूहळू सरकतात, एकमेकांना शोधतात आणि छोटे छोटे पुंजके करून बसतात. पुंजका किती छोटा, तर काही नॅनोमीटर. आपल्या केसाच्या जाडीत असे दहा हजारांवर पुंजके ओळीनं बसतील. गाड्या पार्किंगला लागल्या, रस्ता मोकळा, कंडक्टिव्हिटी ८० टक्क्यांवर. आणि हेच पुंजके जाजमाखाली ठेवलेल्या खड्यांसारखे झाले, हातभर अंतरावर नाही तर बोटाबोटावर, घडी जाईल तिथं अडकते. नुसत्या ओतलेल्या, न ठोकलेल्या क्रोम कॉपरची ताकद ३५० मेगापास्कलच्या घरात जाते, आणि मधल्या टप्प्यावर ठोकून किंवा ओढून घेतलं तर अजून वर. (दोन्ही उपमा एकत्र करू नका, नाहीतर महाद्वार रोडवर जाजम अंथरायला लागेल.)

मला स्वतःला हे कळलं तेव्हा खरंच भारी वाटलं. बाकी मेटलर्जीत सगळीकडं हे दिलं तर ते गेलं असा व्यवहार असतो आणि इथं त्याच तीन तासांत ताकद दुप्पट आणि कंडक्टिव्हिटी पण दुप्पट. फुकट काही मिळत नाही म्हणतात ते खरं, इथं किंमत म्हणजे भट्टीचं वीजबिल, आणि म्हणूनच बहुतेक आमच्या टिपांचा तो टप्पा कुणीतरी गाळला असावा.

हा एजिंगचा शोध पण अपघातानंच लागला, आणि तो तांब्यात नाही, ॲल्युमिनियममध्ये. १९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म नावाचा माणूस ॲल्युमिनियममध्ये ४ टक्के तांबं आणि जरा मॅग्नेशियम घालून, तापवून, पाण्यात बुडवून बघत होता. सांगतात की शनिवारी हार्डनेस घेतला तर काही खास नाही, सोमवारी परत घेतला तर कितीतरी वाढलेला, आणि मधल्या काळात तुकडा टेबलावर नुसता पडून होता. ॲल्युमिनियम खोलीच्या तापमानाला पण 'पिकतं', तांब्याला भट्टी लागते एवढाच फरक. आत नेमकं काय होतं हे कळायला अजून बरीच वर्षं गेली, १९३८ साली गिनिए आणि प्रेस्टन या दोघांनी वेगवेगळं काम करून एक्स-रेनं ते पुंजके दाखवले.

आता आमच्या टिपांवर येतो. अण्णांचं ऐकून आम्ही त्या लॉटमधल्या चार टिपा एका ओळखीच्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडं दिल्या, ४६० डिग्री, तीन तास. त्याच्याकडं कंडक्टिव्हिटी मीटर होता, छोटासा प्रोब टेकवला की टक्के सांगतो. आधी दाखवलं ४३. नंतर ७९. आणि मशीनवर लावल्या तर पूर्वीसारख्या चालल्या. नाद खुळा! म्हणजे पाण्यात बुडवायचं काम झालं होतं, पुढचं एजिंग राहिलं होतं. स्पेक्ट्रोला हे कधीच दिसणार नाही, कारण तो फक्त क्रोमियम किती आहे ते मोजतो, ते विखुरलंय की पुंजक्यात बसलंय हे त्याला काय कळतंय. रसात किती साखर होती हे मोजून गूळ कसा झाला ते सांगता येत नाही, तसंच.

इथं आम्ही थांबायला पाहिजे होतं. पण आता सगळं कळलं म्हणल्यावर अंगात आलं, आणि टिप धरणारा होल्डर आपणच ओतू म्हणून उद्यमनगरातल्या एका मित्राच्या छोट्या नॉन-फेरस फाउंड्रीत गेलो. सँड मोल्ड म्हणजे वाळूचा साचा, क्रोम कॉपर, ओतलं, रात्रभर साच्यातच गार होऊ दिलं, फेटलिंग म्हणजे साफसफाई केली आणि डायरेक्ट एजिंगला टाकलं. ४६० डिग्री, तीन तास, तोच माणूस, तीच भट्टी. हार्डनेस ढिम्म हलला नाही.

डोकं खाजवत बसलो. अण्णा म्हणाले, "काकवी बरणीत बसली तुमची." मग ट्यूब पेटली. सँड मोल्डमध्ये कास्टिंग सावकाश गार होतं, म्हणजे हजार डिग्रीपासून खाली येताना क्रोमियमला बाहेर पडायला भरपूर वेळ मिळाला, आणि ते मोठमोठे खडे होऊन बसलं. विरघळलेलं काही फार उरलंच नाही तर एजिंगमध्ये पुंजके कशाचे होणार? मोठे खडे कंडक्टिव्हिटीला त्रास देत नाहीत, म्हणून मीटर आधीपासून बऱ्यापैकी आकडा दाखवत होता आणि आम्ही त्यालाच भुललो. पण ताकदीला त्यांचा उपयोग नाही, दोन खड्यांमध्ये एवढं अंतर की जाजमाची घडी आरामात मधनं निघून जाते. शिवाय ०.७ च्या वरचं जे क्रोमियम असतं ते तर कधीच विरघळत नाही, ते ओततानाच वेगळं होऊन बसलेलं असतं, सोल्युशन केलं तरी तसंच राहतं. म्हणून जास्त क्रोमियम म्हणजे जास्त चांगलं, हा पण गैरसमजच.

म्हणजे एजिंगची निम्मी गोष्ट ओतण्यातच ठरते, आणि तिथं आपल्या बीडवाल्यांच्या सवयी आडव्या येतात. बीड १४०० डिग्रीच्या घरात ओततो, त्यामानानं तांबं ११५० ते १२५० ला ओतायचं म्हणजे सोपं वाटतं. पण ग्रे आयर्न थंड होताना आतलं ग्रॅफाइट फुगतं आणि आकसायची बरीच भरपाई करतं. तांब्याला असला आधार कुणाचा नाही, पॅटर्नला (ज्यावरनं साचा करतात तो नमुना) बिडासाठी १ टक्का सोडतो तिथं तांब्याला २ टक्के सोडायला लागतात आणि रायझर, म्हणजे आकसताना कास्टिंगला धातू पुरवणारा वरचा जादा साठा, तो पण दणकट पाहिजे.

त्याहून मोठा त्रास गॅसचा. वितळलेलं तांबं हायड्रोजन पण पितं आणि ऑक्सिजन पण. ओली वाळू, दमट कोळसा, न तापवलेली लॅडल, पावसाळ्यातली कोल्हापूरची हवा, सगळीकडनं हायड्रोजन येतो. द्रव असताना दोघं गुपचूप आत राहतात, गोठताना तांब्यात त्यांना जागा राहत नाही, मग दोघांची मिळून वाफ होते आणि कास्टिंग आतनं स्पंजासारखं. ओळखायची खूण अण्णांनी दाखवली, रायझरचा माथा खाली बसला तर धातू निरोगी, आणि भाकरीसारखा फुगून वर आला तर आत गॅस आहे, ते कास्टिंग तिथंच बाजूला काढा. पोकळ्यांमधनं करंट जात नाही, त्यामुळं ताकद तर जातेच, कंडक्टिव्हिटी पण जाते, आणि हे नुकसान कुठल्याही एजिंगनं भरून येत नाही.

ऑक्सिजन काढायला बहुतेक फाउंड्रीत सवयीनं फॉस्फर कॉपरची कांडी टाकतात. गनमेटलला ते बरोबर आहे. पण कंडक्टिव्हिटीच्या मालाला तोच फॉस्फरस, मगाशी सांगितलेला एक नंबरचा दुष्मन, जरा जास्त झाला तर आत राहतो आणि एजिंगनं काही तो जात नाही. म्हणून तिथं लिथियम किंवा कॅल्शियम बोराइडसारख्या गोष्टी वापरतात. आणि ऑक्सिजन न काढताच क्रोमियम टाकलं तर ते जळून ऑक्साइडची साय होते, निम्मं स्लॅगमध्ये जातं आणि निम्मं कातड्यासारखं कास्टिंगमध्ये अडकतं. आधी ऑक्सिजन बाहेर, मग क्रोमियम आत, हा क्रम चुकवून चालत नाही. झिर्कोनियम घालायचं असेल, म्हणजे क्रोमियम-झिर्कोनियम-कॉपर, तर अजून काळजी, ते क्रोमियमपेक्षा पण लवकर जळतं म्हणून चांगला माल व्हॅक्यूममध्ये किंवा गॅसच्या आडोशाला वितळवतात. हाच क्रोमियम-झिर्कोनियमवाला धातू फ्रान्समधल्या ईटर नावाच्या फ्यूजन प्रकल्पात आतल्या भिंती थंड ठेवणाऱ्या नळ्यांना वापरलाय, कारण उष्णता वाहून नेणं आणि करंट वाहून नेणं धातूत एकाच इलेक्ट्रॉनचं काम आहे, एक चांगलं तर दुसरं पण चांगलं.

आमचा होल्डर शेवटी असा सुधारला: परत १००० डिग्रीला टाकला, तासभर, मग बाहेर काढून सरळ पाण्याच्या टाकीत, मग एजिंग. यावेळी हार्डनेस आला. पण १००० डिग्री हे शुद्ध तांब्याच्या वितळण्यापासून पण जेमतेम ८५ डिग्री लांब आहे, थर्मोकपल (भट्टीचं तापमान मोजणारा) खोटं बोलत असेल तर कास्टिंग वाकतं किंवा सरळ बसतंच खाली, आणि इथं 'लाल रंगावरनं अंदाज' अजिबात चालत नाही, आधीच्या एका तुकड्याचं आम्ही वाटोळं केलं ते यामुळंच. भट्टीतनं टाकीपर्यंतचं अंतर पण कमी पाहिजे, चिमट्यात धरून गप्पा मारत चाललात तर वाटेतच क्रोमियम बाहेर पडायला लागतं. जाड कास्टिंगच्या पोटात तर पाण्याचा गारवा पोचायलाच वेळ लागतो, म्हणून वरनं हार्डनेस चांगला आणि आत मऊ असं होतं.

एजिंग जास्त झालं तर? होतं तेही. पुंजके वाढत जातात, छोटे मोडून मोठ्यांना मिळतात, मोठ्या मंडळात छोटी मंडळं विलीन झाल्यासारखं. संख्या कमी, अंतर जास्त, घडी परत सुटते, ताकद उतरते. कंडक्टिव्हिटी मात्र तशीच राहते किंवा जरा अजून वर जाते. म्हणून नुसता मीटर बघून माल पास करू नये आणि नुसता हार्डनेस बघून पण नाही, दोन्ही एकत्र बघायचं. मीटर कमी आणि मऊ, तर एजिंग झालेलं नाही. मीटर चांगला आणि मऊ, तर एजिंग जास्त झालंय, नाहीतर आमच्या होल्डरसारखं साच्यातच बिघडलंय, नाहीतर क्रोमियमच नाही, साधं तांबं क्रोम म्हणून दिलंय. मीटर कमी आणि तरी कडक, तर तो क्रोम कॉपर नसून दुसरंच काहीतरी असायची शक्यता जास्त.

ते दुसरं काहीतरी म्हणजे बहुधा बेरिलियम कॉपर. त्यात १.८ ते २ टक्के बेरिलियम असतं, ८०० च्या जरा खाली सोल्युशन, ३१५ ते ३३० ला एजिंग, आणि ताकद १३०० मेगापास्कलच्या पुढं, म्हणजे चांगल्या स्टीलच्या बरोबरीनं. पण कंडक्टिव्हिटी २२ ते २८ टक्केच, कारण एजिंगनंतर पण बेरिलियम बऱ्यापैकी रस्त्यात राहतं. स्प्रिंग, स्विचचे काँटॅक्ट यांना मस्त. मात्र त्याला कोरडं ग्राइंडर मारू नका, बेरिलियमची धूळ फुप्फुसात गेली तर कायमचा आजार करते, ही भीती घालायला सांगत नाही, शेडमध्ये कुणाला माहीतच नसतं म्हणून सांगतोय. मधला मार्ग निकेल आणि सिलिकॉनवाला, कॉर्सन नावाच्या माणसानं १९२७ च्या सुमाराला मांडलेला, ४० ते ५० टक्के कंडक्टिव्हिटी आणि ताकद ६०० च्या वर, विषारी भानगड नाही. मोबाइल, गाड्यांच्या कनेक्टरमध्ये तो भरपूर असतो.

आता राहिली एक गोष्ट, जी मला सगळ्यात उशिरा कळली. टिप मशीनवर लागली म्हणून तिचं एजिंग थांबत नाही. प्रत्येक टाक्याला टोक क्षणभर भट्टीत गेल्यासारखं तापतं, क्रोम कॉपर ४७५-५०० डिग्रीच्या पुढं ढिलं पडायला लागतं, आणि दिवसाला दोन-तीन हजार टाके म्हणजे टोकाचा पातळ थर रोज थोडा थोडा जास्त पिकत असतो. त्यात पत्रा गॅल्वनाइज्ड असला तर वरचं जस्त टोकात शिरतं आणि टोकावर चक्क पितळेचा पापुद्रा तयार होतो, २८ टक्केवालं पितळ, मग टिप चिकटायला लागते. कटर मारून आपण फक्त आकार नीट करतोय असं मला वाटायचं, खरं तर तो पिकलेला आणि पितळ झालेला थर आपण काढून टाकत असतो आणि आतलं नीट भाजलेलं तांबं पुढं आणत असतो. आणि थंड पाण्याची नळी टिपेच्या आत किती जवळपर्यंत जाते यावर तो थर किती जाड होणार हे ठरतं. आमच्या मशीनची नळी तुटून आखूड झालेली होती, दीड इंच, कधीपासून कुणास ठाऊक. अण्णांनी ती बदलली आणि जुनी नळी माझ्या टेबलावर आणून ठेवली, काही बोलले नाहीत.